तुझं दार तिकडे

शनिवारी दुपारी बाउमार्क्टच्या पार्किंगमध्ये वसुधा सरळ उजव्या दाराशी गेली, दार उघडून आत बसली आणि तिनं पट्टा लावला. घडलं ते एवढंच. श्यामकांत मागे उघड्या डिकीपाशी उभा होता. नुकतंच हार्डवेअरच्या त्या अवाढव्य दुकानातून बाहेर आलेलं सामान त्याच्या हातांत होतं, प्रायमरचा डबा आणि पॉलिशपेपरचा गठ्ठा, आणि तोंडात एक वाक्य तयार होतं. ते तसंच राहिलं. जर्मनीत आल्यापासून, म्हणजे बावीसएक वर्षं, वसुधा कुठल्याही गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभी राहायची. तिकडे सांगली-पुण्याला बायको डावीकडे बसते. इथे डावीकडे स्टिअरिंग. डोक्याला हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं, पायांना कळलं नव्हतं. ती डाव्या दाराच्या मुठीला हात घालायची आणि तो म्हणायचा, "चालवणार का आज? तुझं दार तिकडे." मग ती "अगंबाई" म्हणत बॉनेटला वळसा घालून उजवीकडे यायची. पावसात, बर्फात, उर्जा कडेवर असताना, त्याच्या ऑफिसातल्या लोकांसमोर. एकदा तर दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असताना. त्या दिवशी हे वाक्य त्यानं दातओठ खात म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. संसारात मुरलेले विनोद फार थोडे असतात. त्यांच्याकडे हा एकच होता, आणि तो आज न सांगता बंद पडला होता. डिकी लावून तो डावीकडे आला. स्वतःच्या दाराची मूठ त्याच्या हाताला लगेच लागली नाही. "काही राहिलं का?" वसुधानं आतून विचारलं. "नाही," तो म्हणाला आणि बसला.

घरी येताना तो त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला. आजच बरोबर गेली, की बरेच दिवस बरोबर जात होती आणि आपलंच लक्ष नव्हतं? मागच्या शनिवारी काय झालं होतं? आठवेना. वाक्य आठवत होतं, पण सगळे शनिवार एकात एक मिसळून गेले होते आणि त्यांतला शेवटचा कोणता ते काढता येत नव्हतं. "डावीकडे सायकलवाला आहे हं," वसुधा म्हणाली. "दिसतोय," तो म्हणाला. त्याला सायकलवाला दिसला नव्हता. त्याला रस्ता दिसत होता, पानं झडायला लागलेली झाडं दिसत होती, समोरची पिवळी ट्राम दिसत होती, आणि मग एकदम, कुणीतरी आत्ता घडवून ठेवावा तसा, काचेच्या कडेला एक माणूस पायडल मारताना उगवला. इतक्या जवळ, की त्याच्या पिवळ्या जाकिटाची उसवलेली शिवणसुद्धा दिसली. हे तिचं बोलणंही हल्लीच सुरू झालं होतं. पूर्वी गाडी हलली की ती पेंगायची. आता कार्ल्सरूहेपासून दुर्लाखपर्यंत सगळा रस्ता वाचून दाखवायची. सिग्नल लाल झाला बघा. त्या आजींना आधी जाऊ द्या. तो चिडायचा. "मला डोळे आहेत, वसुधा," म्हणायचा.

डोळे होते. त्यांतला डावा बराचसा गेला होता आणि उजवा कडेकडेनं जायला लागला होता. हे मार्चमध्ये कळलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो तपासायला गेला तेव्हा. डॉक्टरबाई तरुण होत्या, उर्जाहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी त्याला एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. तो दाबत होता. मध्येच बराच वेळ ठिपका चमकलाच नाही, तेव्हा तो इंजिनिअरच्या थाटात म्हणाला की मशीन अडकलंय. "मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग कागदावरचा काळा भाग दाखवत त्या एकच शब्द परत परत वापरत राहिल्या: गेझिश्ट्सफेल्ड. इतकी वर्षं जर्मन बोलूनही हा शब्द कधी त्याच्या वाट्याला आला नव्हता. गेझिश्ट म्हणजे चेहरा, फेल्ड म्हणजे शेत. ह्या बाई सांगतायत की तुमच्या चेहऱ्याचं शेत आखडत चाललंय, डाव्या बांधाकडून. दृष्टीचा पल्ला असा त्याचा अर्थ आहे, हे कळेपर्यंत तो त्या बांधावरच उभा होता. मग त्यांनी आजाराचं नाव घेतलं आणि ते मात्र त्याला लगेच समजलं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंब घालून टिकवायचं. "आणि गाडी?" त्यानं विचारलं. माणूस दुखावू नये म्हणून मऊ आवाजात म्हणाल्या, "आउटोफारेन? लीबर निश्ट मेअर." इथला माणूस असता तर दवाखान्यातून बाहेर येऊन त्यानं किल्ली टेबलावर ठेवून दिली असती, इथे मऊ बोललेला नकार हाही नकारच असतो. श्यामकांतनं मात्र ते वाक्य मनात मराठीत ऐकलं: गाडी चालवणं शक्यतो आता नको. आणि 'शक्यतो' ह्या एका शब्दात मराठी माणूस आख्खा जन्म काढू शकतो. शक्यतो गोड खाऊ नये. शक्यतो लग्नाला यावं. शक्यतो नको, म्हणजे ऑफिसला ट्रामनं जाऊ (घरी कारण सांगितलं, पर्यावरण), अंधार पडल्यावर नको, ऑटोबानवर नको. पण शनिवारी, ओळखीच्या रस्त्यानं, वसुधा शेजारी असताना, काय हरकत आहे? वसुधाला त्यानं काही सांगितलं नाही. थेंबांची बाटली गॅरेजमध्ये ग्रीसच्या डब्यामागे ठेवली.

गॅरेजमध्ये त्याची दुसरी गाडी होती. सत्तर सालची अमेरिकन प्लिमथ, दोनच दारांची, आठ सिलिंडरांची, आणि पुढून इतकी लांब की आत बसलेल्या माणसाच्या आधी निम्मी गाडी मुक्कामाला पोचावी. हायडेलबर्गच्या छावणीतल्या कुणा सैनिकानं ती बोटीनं इकडे आणली आणि बदली झाल्यावर इथेच विकली. मग हातोहात फिरत ती एका शेतकऱ्याच्या कोठारात कोंबड्यांचं बस्तान होऊन पडली. चार वर्षांपूर्वी श्यामकांतनं ती उचलून आणली तेव्हा पायाखालचा पत्रा कुजला होता आणि सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदत होत्या. घरमालक हेर ब्रेनर 'आमी-श्लिटन' म्हणाले. असल्या अमेरिकन धुडांना इथली माणसं तसंच म्हणतात. मागचं मोठं गॅरेज त्यांनी आनंदानं दिलं, फक्त दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत हातोडा वाजवायचा नाही. उर्जा तेव्हा शाळेत होती. तिनं डोकावून पाहिलं, "बाबा, दास इस्ट डॉख श्रॉट," म्हणजे हे तर भंगार आहे, म्हणाली आणि गेली. वसुधा मात्र कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली. "अहो, नीट झाली की हिचं करायचं काय?" "उर्जा शिकायला लांब गेली की तिला भेटायला हिच्यातून जायचं. तू आणि मी. काचा खाली करून." उर्जा ड्रेस्डेनला गेली, त्यामुळे पहिली फेरी ड्रेस्डेनची असं न बोलता ठरून गेलं. पहिल्या वर्षी वसुधा मदतीलाही यायची. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सुकली की पत्रा घासून गुळगुळीत करायचा. ते काम ती मागून घ्यायची. पण तिचा हात गोल फिरायचा. "सरळ घास गं, पुढून मागे. गोल घासलं की रंगाखालून वळ दिसतात," तो म्हणायचा. "हात गोलच जातो हो, सहाणेची सवय," ती म्हणायची. शेवटी तो म्हणाला, राहू दे, मीच करतो. ती बरं म्हणाली आणि परत आली नाही. पुढे, ह्या उन्हाळ्यापासून, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ती योगाच्या वर्गाला जायला लागली, फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शिकवणीवर्गांत. पुण्यात राहिलेली बाई जर्मन बाईकडून सूर्यनमस्कार शिकते म्हणून त्यानं तिला यथेच्छ छळून घेतलं.

एवढी सगळी सोडून हीच गाडी का, असं कुणी विचारलं की तो इंजिनाबद्दल बोलायचा. खरं कारण मिरजेच्या एका दवाखान्याच्या आवारात उभं होतं. त्याचे वडील आत्माराममास्तर सांगलीला शाळेत गणित शिकवायचे. त्यांना डोळे दाखवायला नेलं तेव्हा हात धरायला म्हणून श्यामकांत बरोबर होता, दहा-अकरा वर्षांचा. वडील आत गेले, तो बाहेर पोर्चमध्ये राहिला, आणि तिथे कुणा पाहुण्या अमेरिकन डॉक्टरची मोटार होती, लांबलचक, निळी. ड्रायव्हरनं ती सुरू केली तेव्हा आवाज कानात यायच्या आधी चपलांतून वर आला. पोटात घुमला. देवळातली घंटा वाजून गेल्यावर जे उरतं ना, तसा, पण थांबतच नाही असा. वडील बाहेर आले आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आत काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. "कसला आवाज रे?" "मोटार आहे, बाबा." "मोठी असणार." त्यांनी हात पुढे केला, बॉनेटवर तळवा टेकवला आणि पत्र्यावरून फिरवत चालू लागले, हळूहळू, पुढच्या दिव्यापर्यंत. "संपतच नाही की रे ही," ते म्हणाले आणि हसले. त्यानंतरही ते शिकवत राहिले. शाळेचा रस्ता पाठ होता, गणितं पाठ होती, मुलांचे आवाज पाठ होते. मग एका दुपारी, श्यामकांत त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असताना, ते फळ्यावर समीकरण लिहीत लिहीत गेले आणि फळा संपला तरी लिहीत राहिले, भिंतीवर. पोरं हसली. आत्माराममास्तर थांबले. त्यांनी बोटांनी भिंत चाचपली. चुन्याचा खरखरीत पोत त्यांना कळला. त्यांनी खडू खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि ते घरी गेले. पुन्हा शाळेत आले नाहीत. त्या हसण्याचा आवाज श्यामकांतला अजून येतो. आपली भिंत कधी येणार, एवढाच आता प्रश्न होता, आणि वडिलांची भिंत निदान भिंत होती. आपली भिंत म्हणजे पिवळं जाकीट घातलेला माणूस असायचा. किंवा डावीकडून एखादा ट्रक यायचा, आणि शेजारी वसुधा असायची.

म्हणून गाडी होत नव्हती. ती झाली की चालवावी लागणार होती, आणि चालवता येत नाही हे सांगावं लागणार होतं. चालवणारा तोच, ही तर त्या घराची मांडणी होती. वसुधाला त्यानं बँकेत नेलं, दवाखान्यात नेलं, उर्जाच्या वेळी भल्या पहाटे हॉस्पिटलात नेलं. परक्या मुलखात तिला आणल्याचं जे काही देणं होतं ते तो गाडी चालवून फेडत आला होता. ते काढून घेतलं तर त्याच्याकडे काय राहतं? शेजारच्या सीटवरचा एक चिडका म्हातारा. तेव्हा तो कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा खोलायचा, वायरी काढून परत ओढायचा, लावलेला दिवा अर्ध्या बोटानं सरकवायचा. वसुधानं विचारलं तर म्हणायचा, "अजून मनासारखं नाही." हे खरंही होतं. हत्यारं तो आता ठरलेल्या जागी ठेवायचा, पान्यापासून पकडीपर्यंत एका ओळीत, आणि न बघता उचलायचा. लोकांना ती शिस्त वाटायची. हेर ब्रेनर तर एकदा म्हणाले, तुम्ही आमच्यापेक्षा जर्मन झालात. श्यामकांत हसला होता आणि नंतर तिथेच स्टुलावर बसून त्याला रडावंसं वाटलं होतं.

त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात, गुरुवारी, संध्याकाळच्या आधीच्या करड्या उजेडात, तो गाडीच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसला होता. रंगाआधीचं शेवटचं घासणं झालंय की नाही ते बघायचं होतं. तो तळव्यानं बघायचा. डोळ्यांपेक्षा तळव्यावर आता त्याचा विश्वास जास्त होता. पत्रा गुळगुळीत लागला. सगळीकडे सारखा. त्यानं समाधानानं हातातला दिवा जवळ नेला, आणि काहीतरी खटकलं. मडगार्डवर त्याचे स्वतःचे वळ होते, बारीक, सरळ, पुढून मागे. एका ठिकाणी ते थांबत होते. त्याच्या पुढे, डाव्या बाजूला, वळ गोल होते. एकात एक गुंतलेली लहान लहान वर्तुळं, सहाणेवर चंदन उगाळताना उमटतात तशी. त्याला वाटलं जुनी असतील, पहिल्या वर्षीची. पण तो थर नंतरचा होता, ह्याच उन्हाळ्यातला, स्वतः भरलेला. तो मान वळवून, दिवा नाकाशी धरून, गाडीभर फिरला. दारावर तेच. मागच्या अंगाला तेच. तो जिथे जिथे स्टूल टाकून बसला होता तिथे तिथे समोरचा आणि उजवीकडचा पत्रा सरळ घासलेला होता, आणि डावीकडे, जिथे त्याला सगळं झाल्यासारखं वाटून तो उठला होता, तिथून पुढे गोल. डॉक्टरबाईंनी कागदावर दाखवलेला तो काळा भाग आख्ख्या गाडीवर कुणीतरी हातानं उतरवून ठेवला होता. तो ट्रामनं ऑफिसला गेल्यावर ती इथे येत असणार. राहिलेलं शोधत असणार, पदर खोचून, त्याच्याच स्टुलावर बसून. पत्र्यावर जिथे खरखर लागली तिथे तिला नवऱ्याचा डोळा संपलेला सापडत असणार.

आधी त्याला राग आला. भयंकर राग आला. माहीत होतं तर बोलली का नाही? दया करते? एवढे दिवस सायकलवाले मोजून दाखवत बसली, एकदा तोंडावर सांगायचं होतं की अहो, तुम्हाला दिसत नाही. मग लाज आली, कानशिलं तापतील इतकी. वर्गातल्या त्या हसणाऱ्या पोरांत एखादा न हसता उठला असता आणि मास्तरांना कळायच्या आधीच भिंतीवरचं पुसून आला असता, तसं हे होतं. आणि लाजेच्याही खाली, अगदी तळाशी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. कुणाला तरी माहीत आहे. ह्या गॅरेजात आपण एकटे नव्हतो. ते गोल वळ त्यानं काढले नाहीत. रंगाखालून दिसले तर दिसले.

जेवताना तो बोलणार होता. वसुधा योगाहून आली होती, दमलेली, आणि वाढताना मधूनच मान चोळत होती. "अवघड आसनं होती का?" त्यानं विचारलं. "मानेची फार होती. सारखं वळून बघायचं." "गाडी कधी होणार?" ती म्हणाली. आत्ता म्हण, त्यानं स्वतःला सांगितलं. मला दिसत नाही म्हण. तुझे वळ बघितले म्हण. "शक्यतो वसंतापर्यंत," तो म्हणाला. 'शक्यतो' ऐकून तिनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पाण्याचं भांडं त्याच्या डाव्या हाताशी होतं ते उचलून उजवीकडे ठेवलं. "बरं," ती म्हणाली. एवढं मात्र झालं की त्यानंतर तो रोजची गाडीसुद्धा चालवेनासा झाला. कधी सर्दी, कधी बॅटरी, कधी उगाच. वसुधानं एकदाही कारण विचारलं नाही. दोघं ट्रामनं जायची आणि पिशव्या वाटून घ्यायची. सायकलवाल्यांचं नाव निघेना, आणि गंमत म्हणजे त्याला त्या सूचनांची चुटपुट लागली.

हिवाळ्यात त्यानं गाडी संपवली. आता लांबवण्यात अर्थ नव्हता, लपवायचं कुणापासून? जानेवारीत इंजिन सुरू झालं तेव्हा तो एकटाच होता, आणि आवाज चपलांतून वर आला, मिरजेत आला होता तसाच. त्यानं डोळे मिटले. मिटल्यावर काही फरक पडला नाही, आवाज पुरेसा होता. मार्चमध्ये हेर ब्रेनर ती ट्रेलरवरून ट्यूफच्या तपासणीला घेऊन गेले (श्यामकांतची पाठ दुखत होती) आणि परत आले ते खिदळतच, गाडी पास झाली होती आणि जुन्या गाड्यांना मिळते ती खास पाटीही मिळणार होती. रात्री उर्जाला फोन लावला. "पुढच्या शनिवारी निघतो गं आम्ही," तो म्हणाला. पलीकडे ती थबकली. "फेअर्स्ट डू सेल्ब्स्ट?" तू स्वतः चालवणार का, असं विचारत होती. "मग कोण?" तो म्हणाला. मग, कधी नव्हे ते मराठीत, जिभेला सवय नसलेल्या शब्दांवरून सावकाश पाय टाकत ती म्हणाली, "काही नाही, बाबा. तुम्ही या." त्यानं फोन ठेवला आणि ठरवलं. शनिवारी सकाळी, निघायच्या आधी, गाडीपाशी उभं राहून सांगायचं. वाक्यही त्यानं बांधलं. वसुधा, मला आता दिसत नाही आणि हे तुला माहीत आहे. गाडी मी विकतो, ड्रेस्डेनला आपण रेल्वेनं जाऊ. आठवडाभर तो ते ट्राममध्ये मनात म्हणत राहिला. वडिलांना खडू ठेवायला जमलं ते आपल्याला जमायला हवं.

शनिवारी ऊन पडलं होतं. हेर ब्रेनर कॉफीचा मग घेऊन फाटकाशी उभे होते. गाडी अंगणात होती, काळपट निळी, आणि तिरप्या उन्हात तिच्या डाव्या अंगाला रंगाखालून गोल वळ खरंच दिसत होते, माहीत असेल त्याला. वसुधानं बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. "झिट्रोनन?" हेर ब्रेनरनी विचारलं. "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर, असं वसुधा म्हणाली, जणू लिंबांशिवाय गाडी हलते हेच तिनं कधी ऐकलं नव्हतं. श्यामकांतच्या खिशात किल्ली होती. बांधलेलं वाक्य घशाशी होतं. तो गाडीच्या डाव्या दाराशी आला, सवय. हात मुठीकडे नेला, आणि तिथे आधीच एक हात होता. नेहमीसारखीच ती एकदम उगवली, त्याच्या डावीकडच्या त्या नसलेल्या जागेतून, चांगली साडी नेसलेली, पायांत मात्र सपाट तळाचे बूट. डाव्या दाराशी वसुधा. बांधलेलं वाक्य बाजूलाच राहिलं आणि बावीस वर्षांचं दुसरं त्याच्या आधी धावत बाहेर आलं. "चालवणार का आज?"

"हो," ती म्हणाली.

ती "अगंबाई" म्हणाली नाही. कपाळाला हात लावला नाही. पर्समधून तिनं एक छोटं गुलाबी कार्ड काढलं आणि त्याला नीट दिसेल असं, उजवीकडून, त्याच्या समोर धरलं. फ्यूररशाइन, गाडी चालवायचा परवाना. फोटोत ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ होती. "मंगळवार-गुरुवारचा योगा," ती म्हणाली. "दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा दिलं त्या माणसानं."

"कधीपासून?" त्याला एवढंच विचारता आलं.

"गेल्या मार्चमध्ये तुम्ही ट्रामनं जायला लागलात ना. पर्यावरणासाठी." ती किंचित हसली. "जन्मात कधी एक दिवा बंद केला नाहीत घरातला. म्हटलं, काहीतरी आहे. मग ग्रीसच्या डब्यामागे सापडलं. आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकताना पहिल्या दिवसापासून डावं दार माझं झालं हो. मग तुमच्याबरोबर असताना त्याच्याशी नुसतं जाऊन उभं राहायला कसंसंच व्हायला लागलं."

त्याला रडू आलं, आणि ते हेर ब्रेनरसमोर आलं. ब्रेनरनी भलेपणानं मगात पाहिलं. "सांगणार होतो गं आज," तो म्हणाला, "खरंच सांगणार होतो." "माहीत आहे," ती म्हणाली. "आठवडाभर ओठ हलतायत तुमचे." तिनं तळवा पुढे केला. त्यानं खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली, आणि ठेवल्यावरही तिथेच उभा राहिला, दाराला हात लावून. पुढे काय करायचं असतं ते त्याच्या पायांना माहीत नव्हतं. ती वाट बघत थांबली. मग अगदी हळू, ब्रेनरना काय, कुणालाच ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, "अहो. तुमचं दार तिकडे."

तो निघाला. बॉनेटवर तळवा टेकवून, पत्र्यावरून हात फिरवत, डाव्या दिव्यापर्यंत, मग पुढून, मग उजव्या दिव्यापासून मागे. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. संपतच नाही की रे ही, त्याला ऐकू आलं, आणि तो वडिलांसारखाच हसला. मूठ एकदा चाचपावी लागली. तो आत बसला, पट्टा लावला. वसुधानं सीट पुढे ओढली, आरसा फिरवला, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. आवाज खालून वर आला. लिंबं एकामागून एक फुटली आणि लांबलचक नाक घेऊन गाडी फाटकातून रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. "इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं," ती म्हणाली. "तेवढं तुम्ही बघायचं. डावीकडचं माझं." श्यामकांतनं मान वळवली. उजवीकडे रस्ता होता, टेकडीकडे जाणारा, लख्ख, आणि तो सगळा त्याला दिसत होता.

"उजवीकडे सायकलवाला आहे हं," तो म्हणाला.

"दिसतोय," वसुधा म्हणाली, आणि तिनं त्याला जाऊ दिलं.